निरवांगीचा बिनविरोध मार्गदर्शक

१६ जून १९९६

काल पुण्याहून परत आलो. तिथल्या क्रीडा शिबिरातल्या साहेबांनी बजावलंय की प्रत्येक मार्गदर्शकाने रोज स्वतःच्या चुका लिहून काढाव्यात, म्हणजे माणूस सुधारतो. आज श्रीगणेशा. माझी पहिली चूक म्हणजे मी पुण्याला गेलो.

बावीस वर्षं मी निरवांगीच्या शाळेत खेळ शिकवतोय. आमच्या खो-खोच्या पोरी मैदानात उतरल्या की इंदापूर तालुक्यातले बाकीचे संघ आधी माझ्याकडे बघतात, मग पोरींकडे. आणि तिथे पुण्यात माझ्या थोरल्यापेक्षा लहान दिसणारा एक पोरगा ट्रॅकसूट घालून मला सांगतो की इतकी वर्षं आपण सगळे चुकत होतो. दिल्लीहून नवं राष्ट्रीय धोरण आलंय. त्यात म्हणे मार्गदर्शकाचं यश त्याच्या ढालींवर मोजायचं नाही, त्याने किती नवे मार्गदर्शक घडवले यावर मोजायचं. प्रत्येक केंद्रावर एक नवा माणूस तयार करायचा. फेब्रुवारीत बारामतीला विभागीय स्पर्धा होईल, तिथे निरीक्षक येईल. त्या दिवशी संघ नव्या माणसाने चालवायचा आणि जुन्याने प्रेक्षकांत बसायचं, तोंडातून अवाक्षर न काढता. जमलं तर आमचं केंद्र मंजूर आणि नव्या माणसाला सहा आठवड्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण. नाही जमलं तर केंद्र दुसऱ्या गावाला.

मी उभं राहून विचारलं, बोलायचं नाही हे समजलं, पण शिट्टी चालेल का? सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

घरी विजयमालेला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, गप्प बसायला शिकायचं म्हणजे फेब्रुवारीपर्यंतचा वेळ पुरेल का. बायकोला धोरणातलं काही कळत नाही.

२३ जून

धोरणाच्या पुस्तिकेत लिहिलंय, "निवडीत स्थानिक समाजाला सहभागी करून घ्यावे." मी आज्ञाधारक माणूस. सोसायटीचे चेअरमन दत्तोबा तात्या यांना जाऊन सांगितलं. ही चूक नंबर दोन.

तात्या म्हणाले, मीटिंग लावू. मीटिंग लागायच्या आधीच गावात दोन पॅनेल तयार झाली. एकाने शिट्टी हे चिन्ह घेतलं. दुसऱ्यालाही शिट्टीच हवी होती, ती मिळाली नाही म्हणून ते रुसले आणि त्यांनी विमान घेतलं. खो-खोचा आणि विमानाचा काय संबंध हे विचारायची सोय नाही.

शिट्टीवाल्यांचा उमेदवार तात्यांचा पुतण्या मानसिंग. पैलवान माणूस, मनाने चांगला, पण खो-खोत गडी बसतात का हा त्याचा मला पहिला प्रश्न. विमानवाल्यांचा उमेदवार खालच्या आळीचा झुंबर. त्याची पात्रता म्हणजे यात्रेतल्या कुस्त्यांपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे माईक त्याच्याच हातात असतो.

मी तिसरं नाव दिलं, गंगाराम आबांच्या मोनालीचं. माझ्याच हाताखाली खेळली, राज्यापर्यंत गेली, इंदापूरला बी.ए. झाली, आता बालवाडी घेते. तिघांत मैदानावर पळालेली ती एकटीच. तिला पॅनेल नाही.

३० जून

निवडणूक टळली. तात्यांनी सगळ्यांना बसवून बिनविरोध केली. तिघंही मार्गदर्शक. गणपतीपर्यंत मानसिंग, दिवाळीपर्यंत झुंबर, नंतर मोनाली. आणि सोसायटीत चालतं तसंच, तिघांचे सही केलेले राजीनामे आजच तात्यांच्या खिशात. तारीख तेवढी मोकळी.

मी म्हटलं, तात्या, हा खेळ आहे, असं पाळीपाळीने कसं चालेल?

"मास्तर, आख्खा कारखाना चालतुया ह्या पद्धतीनं. तुमचा खो-खो न्हाय चालायचा व्हय?"

 यावर धोरणात काही सापडतं का म्हणून मी रात्री पुस्तिका परत वाचली. सापडलं नाही.

परत येताना गंगाराम आबांकडे गेलो. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर होऊन दोन एकर ऊस बघतात. म्हणाले, "शेवटची पाळी आमची, व्हय का?" मी समजावलं की वयाप्रमाणे क्रम लावलाय, मोठे आधी. आबांनी मानसिंगचं वय विचारलं. मग मी त्यांच्या उसाची चौकशी केली.

१८ जुलै

मानसिंगचा कारभार सुरू झाला. पोरींना जोर-बैठका, वर प्रत्येकीला घरून भिजवलेले बदाम आणायला सांगितलेत. बदाम कुणाच्या घरी असतात? पोरी भिजवलेले शेंगदाणे आणतात आणि तो डोळे झाकून मोजून घेतो.

मी त्याच्या मागे उभा राहतो आणि गरजेपुरतंच बोलतो. आज तो म्हणाला "बसा", मी म्हटलं "उठा", कारण खरंच उठायला हवं होतं. निम्म्या बसल्या, निम्म्या उठल्या. मानसिंगने माझ्याकडे पाहून म्हटलं, "सर, तुमीच घ्या की." नव्या पिढीत जबाबदारी घ्यायची तयारीच नाही.

१० ऑगस्ट

मानसिंगच्या राजीनाम्यावर तात्यांना तारीख घालावी लागली. गणपती यायला अजून अवकाश होता. कारण विचारलं तर म्हणे शेतीची कामं. मला ठाऊक आहे, आळस.

११ सप्टेंबर

झुंबर बोलतो. सराव चालू असतानाही धावतं वर्णन करतो. "आणि आता कप्तान पायल डावीकडनं वळलेली हाय, खो देणार का, देणार, न्हाय दिला." पायल बिचारी वर्णन ऐकत उभी राहते, आता आपण काय करणार ते कळावं म्हणून.

त्याचा आवाज मोठा म्हणून मलाही आवाज वाढवावा लागतो. विजयमाला म्हणाली, संध्याकाळी मैदानावरचं सगळं स्वयंपाकघरात ऐकू येतं. मी विचारलं, झुंबरचं? ती म्हणाली, कुणीतरी दोघं बोलत असतात, त्यातला एक जण गावाला जड आहे. झुंबर जडच आहे, यात नवं काय.

६ ऑक्टोबर

झुंबरनेही सोडलं. जाताना म्हणाला, "एका मैदानात दोन माईक चालत न्हाईत, सर." त्याला माझ्या आवाजाचा हेवा वाटतो असं माझं मत आहे.

दोन मार्गदर्शक खर्ची पडले आणि अजून दिवाळी यायची आहे. पुण्याहून पत्र आलं, प्रगती कळवा. मी कळवलं, प्रगती वेगाने चालू आहे.

मोनालीची पाळी लवकर आली. तात्यांना वाईट वाटलं, पण दुसरं कुणी उरलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

मोनालीचा पहिला दोष म्हणजे ती हसते. पोरगी पडली तर हसते, स्वतः पडली तरी हसते. दुसरा दोष, तिला उशीर होतो, कारण बालवाडीतल्या एखाद्या पोराला न्यायला कुणी आलेलं नसतं. पण मान्य करतो की पोरी तिच्यामागे मन लावून पळतात. मानसिंगच्या वेळी पोरी सुटका व्हायची वाट बघायच्या. आता सहा वाजले तरी घरी जात नाहीत.

तिने आल्याआल्या माझी रचना मोडली. पायल चणीने लहान, म्हणून मी तिला कायम मधल्या चौकात बसवतो, तिथे धोका कमी. मोनालीने तिला खांबाशेजारच्या चौकात बसवलं. खांबाला धरून सूर मारायला शिकवते आहे. मी मागून म्हटलं, पायल, मध्ये जा. मोनाली म्हणाली, पायल, थांब. पायल अर्धी गेली, अर्धी थांबली आणि गुडघ्यावर आपटली.

मोनाली तिचा गुडघा धुऊन माझ्याकडे आली. आता हसत नव्हती. म्हणाली, सर, तुमच्याकडे पाहुणे आलेत, बाईंनी निरोप धाडलाय.

घरी गेलो तर पाहुणे नव्हते. विजयमालेने चहा मात्र तयार ठेवला होता.

१५ नोव्हेंबर

आज मोनाली म्हणाली, हेडसरांनी बोलावलंय. हेडसर इंदापूरला गेलेले. चांगली मुलगी आहे, पण निरोपात फार घोळ घालते.

१९ नोव्हेंबर

आज म्हणे माझी सायकल कुणीतरी नेली. सायकल जागेवर होती. तिच्याशेजारी बराच वेळ उभा राहिलो. कोणी नेऊ नये म्हणून.

१३ डिसेंबर

हे आज लिहावं की न लिहावं, कळत नाही. पण चुका लिहायच्या असं ठरलंय.

दुपारी शाळा सुटल्यावर सगळा संघ माझ्या खोलीत आला. पायल पुढे. म्हणाली, सर, आमी अविश्वास ठराव आणलाय.

मला हसू आलं. या पोरी बापाच्या मांडीवर बसून सोसायटीच्या मीटिंगा ऐकत मोठ्या झाल्यात, दुसरं काय आणणार. आणि खरं सांगतो, आतून मला बरंही वाटलं. मोनालीवर पोरी नाराज असाव्यात असं धरून मी मनातल्या मनात भाषणही जुळवलं, की ती तरुण आहे, तिला वेळ द्या, तोपर्यंत मी आहेच.

मी विचारलं, ठराव कुणावर?

पायल खाली बघायला लागली. मागून कुणीतरी तिला ढोसलं.

"तुमच्यावर, सर. सराव असला की तुमी मैदानात यायचं न्हाय. समद्या पोरींनी हात वर केलाय."

मी म्हटलं, मी काय वाईट केलं तुमचं? पायलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगी मागे हटली नाही.

"तुमी ओरडला की आमी तुमच्याकडं बगतो. तेवढ्यात गडी पळतो."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. मोनालीने शिकवलं असणार म्हणून तिला बालवाडीत जाऊन विचारलं. तिला काही माहीत नव्हतं. ऐकून तिचाच चेहरा उतरला. म्हणाली, "सर, मी तुमास्नी दोन घटका लांब ठेवत होते. एवढं म्हनायला माझी जीभ उचलली नसती." म्हणजे पाहुणे, हेडसर, सायकल. आत्ता कळलं. बालवाडीतली पोरं आमच्याकडे टकामका बघत होती.

तिथून तात्यांकडे गेलो. म्हटलं, मी सगळं सोडतो, केंद्र खड्ड्यात जाऊ दे. तात्यांना गावात इतकी गंमत बऱ्याच दिवसांत मिळाली नसावी.

"मास्तर, चेअरमनला खाली खेचल्यावर चेअरमन काय करतो? नव्या मानसाला हार घालतो, फोटुत हसतो. मग घरी जाऊन ताट आपटतो. पर सभासद ऱ्हातोच की."

घरी येऊन ताट आपटलं. विजयमालेने भाकरी उचलून परत पुढे ठेवली आणि म्हणाली, फोटोत हसायचं राहिलंय अजून.

१४ डिसेंबर

मैदानावर गेलो नाही. चारनंतर माणसं काय करतात कुणास ठाऊक. पारावर बसलो तर सगळे मला बघून विषय बदलत होते.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बावीस वर्षं घसा फोडला तो काय स्वतःसाठी?

२ जानेवारी १९९७

मोनाली घरी आली होती. गंगाराम आबांनी उसाचा रस पाठवला. तिने स्पर्धेबद्दल अवाक्षर काढलं नाही, मीही नाही. दोघांनी मिळून विजयमालेच्या लोणच्याची स्तुती केली. जाताना दारात थांबून म्हणाली, पायलचा गुडघा बरा आहे. मी म्हटलं, बरं. ती गेल्यावर वाटलं, आणखी एखादा शब्द बोलायला हरकत नव्हती.

१२ जानेवारी

गप्प बसायचा सराव चालू केलाय. फेब्रुवारीत निरीक्षकासमोर माझं तोंड उघडलं तर मोनालीचं प्रशिक्षण माझ्या जिभेपायी जाईल. तिच्या आयुष्यात अशी संधी दुसऱ्यांदा येणार नाही, आणि माझ्यामुळे गेली तर गंगाराम आबांना मी कोणतं तोंड दाखवू.

घरीच सुरुवात केली. आमटी खारट होती, बोललो नाही. विजयमालेने माझ्या बहिणीविषयी तिचं मत मांडलं, बोललो नाही. तिच्या लक्षात आल्यावर तिने दोन साड्यांचा विषय काढला. या सरावाला आता खर्च येऊ लागलाय.

संध्याकाळी नीरा नदीच्या बाजूला चालत जातो. तिथून मैदान दिसत नाही, नुसते पोरींचे आवाज येतात. "खो" कसा पडतो त्यावरून मला कळतं की खेळ जमतोय. जमतोय. पूर्वीपेक्षा लवकर खो पडतात. हे मला आवडलं नाही आणि आवडलंही.

९ फेब्रुवारी

रात्र फार झालीय, पण आजचं आजच लिहितो.

सकाळी टेम्पोने बारामतीला निघालो. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग, भवानीनगरच्या पुढे तर टेम्पो मुंगीच्या पायाने चालला. मी हौद्यात मागे बसलो. मोनाली पुढे ड्रायव्हरशेजारी. पोरी गाणी म्हणत होत्या आणि मी कुणालाही पाय आत घ्या म्हणालो नाही.

मैदानावर निरीक्षक आले होते, चष्म्याचे, शांत, वही घेऊन. त्यांनी विचारलं, संघाचे मार्गदर्शक कोण? मी मोनालीकडे बोट दाखवलं. आणि आपण? मी म्हटलं, सभासद. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला प्रेक्षकांत बसवलं.

पहिले दोन सामने जिंकले. मी शेंगदाण्याची पुडी घेतली होती. तोंड उघडायला लागलं की दाणे टाकायचे. दुसऱ्या सामन्यापर्यंत तीन पुड्या संपल्या.

शेवटचा सामना पिंपळीशी. पोरी तयारीच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. शेवटच्या डावाआधी हिशेब असा झाला की पाठलाग आमचा आणि त्यांच्यापेक्षा जास्त गडी बाद केले तरच ढाल आमची. मध्ये थोडी विश्रांती. पोरी मोनालीभोवती गोळा झाल्या. मला बसल्या जागेवरून स्पष्ट दिसत होतं, प्रश्न एकच, पायलला खांबाशी बसवायचं की मध्ये. सकाळपासून दोनदा तिचा सूर चुकला होता, गुडघ्याला पुन्हा पट्टी होती.

आणि मोनालीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

देवाशपथ सांगतो, सगळा हिवाळा मी याच क्षणाची वाट बघत होतो. नुसती मान हलवायची. डावीकडे म्हणजे मध्ये, उजवीकडे म्हणजे खांब. निरीक्षकाला कळलंही नसतं. आणि मी काय सांगितलं असतं तेही लिहून ठेवतो. मध्ये बसव, असंच सांगितलं असतं.

मी शेंगदाण्याच्या पुडीत बघितलं. वर पाहिलं तर ती अजून माझ्याकडेच बघत होती. पोरीही. सगळा संघ माझ्याकडे बघत होता, सवयीने. मी इथे बसलोय तोवर या बघतच राहणार हे मला त्या वेळी कळलं. पायलने डिसेंबरात सांगितलं होतं तेच, पण मला कळायला बारामती लागली.

मी उठलो. लोकांच्या पायांवर पाय देत मैदानाबाहेर गेलो. रस्त्यापलीकडे रसवंती होती. एक ग्लास घेतला. चरकाची घुंगरं वाजत होती, त्यातून आतलं काही ऐकू येईना. रसवाल्याला म्हटलं, बाबा, जरा थांबव. तो म्हणाला, मागे गिऱ्हाईक आहे. मी मैदानाकडे कान देऊन मान वळवली आणि निम्मा रस सदऱ्यावर गेला.

मग आतून एकच मोठा गलका उठला. निरवांगीचा की पिंपळीचा, बाहेरून काय कळतंय? मी तसाच उभा राहिलो. आत जायचं धाडस होईना.

पायल बाहेर पळत आली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत माती, हनुवटी सोललेली. रस्ता ओलांडून आली आणि माझ्या रस सांडलेल्या सदऱ्याला मिठी मारून रडायला लागली. मी विचारलं, काय झालं? तिला बोलता येईना. मागून मोनाली आली, तिने सांगितलं. ढाल आमची. शेवटचा गडी वेळ संपता संपता पायलने खांबावरून बाद केला.

निरीक्षकांनी मोनालीचं नाव प्रशिक्षणासाठी तिथेच लिहून घेतलं. केंद्रही मंजूर होईल म्हणाले. गंगाराम आबा सकाळच्या एस.टी.ने कुणाला न सांगता आले होते, तेही आता गर्दीतून पुढे आले.  मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "मास्तर, ह्या बारीला क्रम बराबर लागला बरं का." मी मान खाली घातली.

परतताना मोनाली हौद्यात आमच्यात येऊन बसली. म्हणाली, "सर, पायलचा सूर कसा वाटला? मधल्या वेळी परत वर बगितलं तर तुमची जागा रिकामी. मग म्हनलं, आता आपल्यालाच ठरवायचं हाय. बसवली खांबाशी."

मी सांगितलं की मी पाहिलाच नाही. मी रस्त्यापलीकडे होतो.

 बावीस वर्षांत आमच्या शाळेच्या पोरीने मारलेला सगळ्यात भारी सूर, असं सगळे म्हणतात, आणि तो मी सोडून साऱ्या बारामतीने पाहिला. मला रडू आलं. लाजही वाटली नाही.

मग सगळ्या एकदम सांगायला लागल्या. एक म्हणाली पायलने डाव्या हाताने खांब धरला, दुसरी म्हणाली उजव्या. एक म्हणाली गड्याच्या टाचेला बोट लागलं, दुसरी म्हणाली वेणीला. खुद्द पायलला काहीच आठवत नव्हतं, तिने डोळे मिटले होते. मोनाली मध्येच उठून करून दाखवायला गेली आणि टेम्पोच्या धक्क्याने माझ्या मांडीवर पडली. सणसर गेलं, लासुर्णे गेलं, तरी त्यांचं एकमत होईना. मी म्हटलं, काही घाई नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगा.